प्रभाव, एषणी आणि कुंभाराचे गाढव

औषधाने गुण येणे आणि तो कशामुळे आला हे कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला अनुभव पुरतो. दुसरीसाठी कारण कशाला म्हणावे, हे आधी ठरवावे लागते. चरकसंहितेला हा पेच दिसला होता. चित्रक आणि दंती या वनस्पतींचे रस (चव), वीर्य (उष्ण-शीत शक्ती), विपाक (पचनानंतरचा रस) सारखे. तरी रेच होतो तो दंतीने. या जादा गुणाला संहितेने ‘प्रभाव’ म्हटले आणि तो अचिंत्य मानला. अचिंत्य म्हणजे विचाराला बंदी, असा अर्थ पुष्कळदा लावतात. तो चरकावर अन्याय आहे. हाताशी असलेल्या तत्त्वांत न बसणारी गोष्ट दडपून न टाकता वेगळ्या नावाने नोंदवणे, हा प्रामाणिकपणाच आहे.

रसायनशास्त्रात हाच प्रश्न असा उभा राहतो: औषधाचा चिमुकला रेणू पेशीतल्या हजारो प्रथिनांपैकी नेमके कोणाला धरतो? ते शोधण्यासाठी रेणूला बायोटिनचे शेपूट जोडतात. स्ट्रेप्टाव्हिडिन लावलेल्या मण्यांवर ते शेपूट अडकते आणि रेणूने धरलेले प्रथिनही सोबत येते. बाकीचे धुऊन जाते. पकड सैल असेल, तर प्रकाश पडताच प्रथिनाशी घट्ट जुळणारा गट रेणूला आधीच जोडून ठेवतात. सुश्रुताने नाडीव्रणाची, म्हणजे आत खोल गेलेल्या नळीसारख्या जखमेची, वाट शोधणाऱ्या शलाकेला एषणी म्हटले. हा शेपटीचा रेणूही एषणीच.

पण एषणीला जे लागले ते कारण असतेच असे नाही. पेशीत विपुल असलेली प्रथिने मण्यांना उगाच चिकटतात. न्यायशास्त्राकडे अशांसाठी ‘अन्यथासिद्ध’ हा शब्द आहे. माती वाहून आणणारे गाढव घटाच्या आधी हजर असते, तरी ते घटाचे कारण नव्हे. प्रयोगशाळेतली चाळणीही याच विचाराची. बिनशेपटीचे मूळ औषध भरपूर घातले, की खऱ्या लक्ष्याची जागा अडते आणि ते मण्यांवर येत नाही. उगाच चिकटणारी प्रथिने मात्र येतच राहतात. शिवाय रचनेने जवळचा, पण गुण नसलेला रेणू शेजारी ठेवून पाहतात. दंतीशेजारी चित्रक ठेवावा, तसाच.

थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये जर्मनीत विक्रीला आले आणि १९६१ मध्ये मागे घेतले गेले. तोवर गरोदरपणी ते घेतलेल्या आयांची हजारो मुले खुरटलेल्या हातापायांनी जन्मली होती. हा घात कोणत्या वाटेने झाला, ते जवळजवळ पन्नास वर्षे कळले नाही. २०१० मध्ये जपानमध्ये हिरोशी हांडा यांच्या गटाने औषध मण्यांना जोडून सेरेब्लॉन हे प्रथिन वेगळे काढले. त्यांचे खरे मोठेपण पुढच्या पायरीत आहे. औषधाला धरू न शकणारे, बदललेले सेरेब्लॉन त्यांनी झेब्राफिशच्या गर्भात घातले, तेव्हा परांची वाढ सावरली. सांगड तुटली आणि अनर्थ टळला. न्यायाच्या भाषेत हा व्यतिरेक. साखळी तिथेही संपली नाही. औषध बसलेले सेरेब्लॉन हातापायांच्या घडणीला लागणाऱ्या दुसऱ्याच एका प्रथिनाचा नाश घडवते, हे २०१८ मध्ये दिसले.

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात हळद घेणाऱ्याला यातले काही ठाऊक असण्याची गरज नाही. जखमेवरच्या हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, तेव्हाही लक्ष्य प्रथिन दाखवावे लागले नव्हते. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित पुरावे मांडले, ते पुरले. तो विजय अनुभवाच्या प्राचीनतेचा होता. कारणाचा निवाडा त्यात झाला नाही. हळदीतले कर्क्युमिन अनेक प्रथिनांतल्या गंधकाशी बंध जोडते, लवकर विघटते, स्वतः चमकते आणि चाचण्यांना चकवते. २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी एका आढाव्यात हे आक्षेप सविस्तर मांडले. त्याच्या एषणीला लागलेल्या प्रथिनांची यादी लांब आहे आणि तिच्याच जोरावर त्याला सर्वगुणी ठरवले जाते. हे तर्काला धरून नाही. त्या यादीतले प्रत्येक नाव व्यतिरेकाच्या कसोटीवर उतरेपर्यंत हळदीचा गुण ‘प्रभाव’ या खात्यातच मांडणे रास्त आहे.