मंडळीत कीर्तन करावे का?

शंका: आमच्या तरुण संघाने यंदा नाताळच्या आठवड्यात ख्रिस्ती कीर्तन ठेवायचे ठरवले आहे. काही वडीलजनांचा त्याला विरोध आहे. टाळ, मृदंग, अभंग हे सारे देवळातून आलेले. जे सोडून आलो तेच पुन्हा उपासना मंदिरात आणायचे का, असे ते विचारतात आणि अनुवाद 12:30 दाखवतात. विरोध असताना कीर्तन करावे का?

समाधान: वडीलजनांची भीती झटकून टाकण्यासारखी नाही. तिच्यामागे पहिल्या आज्ञेविषयीचा आवेश आहे, आणि तो आवेश ज्या मंडळीत उरत नाही तिथे पुढे काहीही खपते. म्हणून त्यांनी दाखवलेल्या वचनापासूनच सुरुवात करू. इतर राष्ट्रे आपल्या देवांची सेवा कशी करतात याच्या मागे लागू नका, असे तिथे बजावले आहे खरे. पण लगेच पुढचे 31 वे वचन वाचले की मनाईचे कारण कळते. ती राष्ट्रे पोटच्या मुलामुलींना अग्नीत होमत होती. परमेश्वराला ज्याचा वीट आहे अशी कृत्ये आणि त्या देवांची भक्ती यांना ही मनाई आहे. परक्यांकडची प्रत्येक कला निषिद्ध असती, तर शलमोनाने मंदिराच्या कामासाठी सोराहून हिरामाला बोलावले नसते. पहिले राजे, अध्याय 7 पाहा: हिरामाची आई नफताली वंशातली, बाप सोराचा कासार. जिथे बआलाची पूजा चाले त्या सोराच्या कारागिराने यरुशलेमेतील मंदिराचे दोन पितळी खांब ओतले, आणि शास्त्रात त्याबद्दल नापसंतीचा एक शब्दही नाही.

नव्या करारात हाच पेच करिंथच्या मंडळीपुढे उभा राहिला. तिथे बाजारात मिळणारे मांस पुष्कळदा मूर्तीला वाहिलेल्या पशूचे असे. पौलाने पहिल्या पत्राच्या 10 व्या अध्यायात दोन निर्णय दिले आणि ते अगदी जवळजवळ दिले. मूर्तींच्या पंक्तीत बसू नका, कारण प्रभूच्या मेजाचे आणि त्या मेजाचे भागीदार एकाच वेळी होता येत नाही. बाजारातले मांस मात्र चौकशी न करता खा, कारण पृथ्वी प्रभूची आहे. मांस तेच, फरक पडतो तो कोणाच्या पंक्तीला बसून खाल्ले याने. कीर्तनालाही हीच कसोटी लावावी. टाळ कुठून आला हा प्रश्न गौण आहे. तो कोणाच्या नावाने वाजतो, हे विचारावे.

उगमावरूनच निवाडा करायचा ठरवले तर माणूस कुठवर जातो, हे गोव्याच्या इतिहासाने दाखवले आहे. इन्क्विझिशनच्या 1736 च्या फर्मानाने ख्रिस्ती लोकांना लग्नात ओव्या गायला बंदी केली, अंगणात तुळस ठेवायला बंदी केली आणि भात शिजवताना त्यात मीठ न घालण्यालाही बंदी केली, कारण अळणी भात शिजवून मीठ मागाहून घेणे ही हिंदूंची रीत. भाताच्या हंडीतले मीठ तपासल्याने कोणाच्या मनातली मूर्ती भंगली असेल, असे मला वाटत नाही. याच गोव्यात, सव्वाशे वर्षे आधी, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने उलट वाट धरली होती. जुनी पुराणे आम्हाला बंद केलीत, तर त्यांच्या जागी तशीच दुसरी का देत नाही, असे नवख्रिस्ती श्रोत्याने विचारल्याचे त्यानेच आपल्या ग्रंथात सांगितले आहे. त्याचे उत्तर म्हणजे 1616 साली राशोलला छापलेले ख्रिस्तपुराण: जवळपास अकरा हजार ओव्यांत उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा. मराठी माणसाच्या कानाला सवयीच्या छंदात ख्रिस्त आला, म्हणून ख्रिस्त उणा झाला नाही.

आपल्याकडेही ही वाट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातच अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांची पदे ‘उपासना संगीत’ उघडले की हाताशी असतात, आणि अभंगाला हरकत घेणारे वडीलजनही ती डोळे मिटून गात असतील. कीर्तनात असते तरी काय? आधी नमन, मग पूर्वरंगात एखाद्या वचनाचे विवरण, मग उत्तररंगात उधळ्या पुत्राची किंवा बेथलेहेमाची कथा, मध्ये पदे, श्रोत्यांची साथ. आपले प्रवचन याहून फार निराळे नसते. परकेपणाचाच हिशेब करायचा तर ज्या ऑर्गनला आपण खास ख्रिस्ती वाद्य मानतो, तो रोमन साम्राज्यात आखाड्यातल्या झुंजींच्या वेळी वाजत असे, आणि कॅल्व्हिनच्या जिनीव्हात उपासनेत त्याला जागा नव्हती. कीर्तनकाराच्या शेजारची पेटीही युरोपातून आलेली. तिच्यामुळे कीर्तन परके झाले नाही.

याहून गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तुमच्या वडीलजनांनी तो घेतला नसला तरी मला तो टाळता येत नाही. आपल्यातली कितीतरी घराणी महार-मांग वस्त्यांतून आली. ज्या देवळाच्या कीर्तनाला पूर्वजांना आत पाऊल टाकता येत नव्हते, त्याच कीर्तनाला आता ‘आपली संस्कृती’ म्हणायचे का? पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे आणि ते मंदिर दलितांना खुले व्हायला साने गुरुजींचे 1947 चे उपोषण घडावे लागले. पण अभंग चोखोबांचाही होता. दार अडवणाऱ्यांच्या हाती तो का सोडायचा? मात्र कीर्तन म्हणजेच मराठीपण, असा आग्रह तरुणांनी धरू नये. जात्यावरची ओवी आणि पोवाडाही मंडळीचाच आहे. हलगी आणायची की नाही, हे मात्र ज्यांच्या घराण्यांना ती सक्तीने वाजवावी लागली त्यांनीच ठरवावे.

कीर्तनाच्या आडून शेजाऱ्यांना फसवून बाटवता, असाही आरोप होईल. त्यावर उत्तर सरळ आहे: पत्रिकेवर ‘ख्रिस्ती कीर्तन’ असे ठळक छापा आणि नमनातच येशूचे नाव घ्या. कोणाला गाफील ठेवायचा हेतू असेल, तर कार्यक्रम रद्द केलेला बरा. आरतीचे म्हणाल तर भारतातल्या कॅथलिक उपासनेत तिला 1969 पासून मुभा आहे. तरी तुमच्या मंडळीत एवढी कुजबुज असताना ती यंदा नको. तिच्यावाचून कीर्तनाचे काही अडलेले नाही.

तेव्हा कीर्तन करावे, पण रविवारच्या उपासनेच्या जागी नव्हे. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी, मंदिराच्या आवारात करावे. ज्यांना यायचे नाही त्यांना कोणी अडाणी म्हणू नये आणि जे येतील त्यांना त्यांनी मूर्तिपूजक म्हणू नये. रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात खाणाऱ्याला आणि न खाणाऱ्याला पौलाने हेच सांगितले आहे. एक मात्र करावे. मंडळीत नुकताच विश्वासात आलेला कोणी असेल, तर पाळकांनी तारीख ठरण्याआधी त्याच्या घरी जाऊन विचारावे. टाळांचा आवाज त्याला जुन्या नवसांकडे ओढतो असे तो म्हणाला, तर त्याच्यासाठी हे कीर्तन पुढच्या वर्षावर ढकलायला तरुणांनी कुरकुर करू नये. वडीलजनांची नापसंती आणि त्याचा अडखळा एकाच मापाने मोजता येणार नाहीत.