कच्चे मडके आणि गुरू

साधनेत गुरूचे नेमके काम काय, याचे वारकरी परंपरेतले सर्वांत बोलके उत्तर धाराशिव जिल्ह्यातील तेर गावाशी जोडलेले आहे. तेरणेच्या काठचे हे गाव संत गोरोबा कुंभारांचे. वयाने वडील म्हणून संतमंडळी त्यांना गोरोबाकाका म्हणत.

कथा अशी. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई आणि नामदेव एकत्र जमले असता, यांतले कोणते मडके भाजलेले आणि कोणते कच्चे हे पाहण्यास काकांना सांगण्यात आले. काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर हाणले. बाकीचे शांत राहिले. नामदेव मात्र चिडले. काकांनी निर्णय दिला, हे मडके कच्चे.

नामदेवांची भक्ती उणी होती, असा याचा अर्थ नाही. प्रत्यक्ष विठ्ठल आपल्याशी बोलतो, या जवळिकीचाच त्यांना अभिमान झाला होता. भक्तीतून उपजलेला अहंकार भक्ताला स्वतःला दिसत नाही, कारण तो भक्तीचेच रूप घेऊन येतो. तो दाखवायला दुसरे माणूस लागते. गुरूची गरज इथे सुरू होते. म्हणूनच कथेत नामदेव रुसून पंढरीला जातात, तेव्हा विठ्ठलही त्यांची समजूत काढून थांबत नाही. त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. उणीव दाखवणारे गोरोबा स्वतः नामदेवांचे गुरू झाले नाहीत. पारख करणे वेगळे आणि घडवणे वेगळे. शिवाय विसोबांनी एके काळी याच ज्ञानदेवादी भावंडांना छळले होते, असे परंपरा सांगते. स्वतःचा ताठा मोडलेला माणूसच दुसऱ्याचा ताठा ओळखू शकतो.

विसोबांनी उपदेशाचे लांबलचक प्रवचन केले नाही. शिवपिंडीवर पाय ठेवून ते पडले होते. नामदेव संतापले, तेव्हा ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय नेऊन ठेव. नामदेव जिथे पाय ठेवू लागले, तिथे पिंड दिसू लागली. पंढरीच्या विटेवर पाहिलेला देव सगळीकडे आहे, हे त्यांना असे उमगले. गुरूने नवा देव दिला नाही. होता तोच देव मोकळा केला.

या गुरुत्वात शिष्याला जन्मभर बांधून ठेवणे नाही. गुरूच्या नावावर आज्ञाधारकपणा मागणाऱ्या प्रत्येकाला हीच कसोटी लावली पाहिजे. नामदेव पुढे पंजाबपर्यंत गेले. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. तेरला कच्चे ठरलेल्या याच नामदेवांना चोखामेळ्यांनी गुरू मानले, आणि पंढरपूरच्या महाद्वारात नामदेव पायरीसमोरच चोखोबांची समाधी आहे.