डोंगर विकून आलेला पैसा



आपल्या देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमध्ये बीजोत्पादन करणारी कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही विचारा, भाजी आणि बी यांत फरक काय? भाजी खायची असते, बी राखायचे असते. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. घरात दाणा नव्हता, पण पेरणीसाठी ठेवलेल्या बियाण्याच्या मडक्याला हात लावायचा नाही, असा कित्येक घरांत दंडक होता. बी खाल्ले म्हणजे पुढचे वर्ष खाल्ले, हे त्या माणसांना कोणी शिकवावे लागले नाही.

घराला कळणारा हा नियम देशाला कळतो का? जगात असे अनेक देश आहेत की ज्यांचा संसार जमिनीखालचे तेल, वायू, लोखंड, हिरे विकून चालतो. ते देश धान्य खातात की बी खातात? हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहेच, पण त्याआधी तो न्यायाचा प्रश्न आहे. म्हणून त्यावर आज थोडा विचार करू या.

कमाई की विक्री?

समृद्धी महामार्गासाठी आपल्या जिल्ह्यात अनेकांच्या जमिनी गेल्या आणि मोबदला मिळाला. समजा, दोन भावांना सारखेच पैसे मिळाले. एकाने दुसरीकडे थोडी जमीन घेतली आणि उरलेल्या पैशात मुलीचे शिक्षण केले. दुसऱ्याने गाडी घेतली, थाटात लग्न लावले आणि चार वर्षे मजेत घालवली. त्या चार वर्षांत दुसरा भाऊच श्रीमंत दिसत होता. पण गावाला ठाऊक होते की तो कमावत नाही, वडिलांची जमीन खातो आहे.

खनिज विकणाऱ्या सरकारचे नेमके हेच होते. शेतात पीक दरवर्षी येते. डोंगरातले लोखंड एकदा काढले की पुन्हा येत नाही. तरीही सरकारच्या हिशेबात त्या विक्रीचा पैसा ‘उत्पन्न’ या सदरात लिहिला जातो आणि त्याच वर्षी खर्चून टाकला जातो. डोंगर कमी झाला, ही नोंद कुठेच होत नाही.

गोव्याची गोष्ट

याचे उदाहरण फार दूर नाही. गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणी आहेत. पोर्तुगीज काळात मिळालेल्या परवान्यांवर त्या सुरू झाल्या. ट्रकांनी नदीपर्यंत, बार्जने मांडवी आणि जुवारी नद्यांतून मुरगाव बंदरापर्यंत आणि तिथून जहाजाने परदेशी, असा तो माल जाई. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनची मागणी वाढली. पूर्वी टाकाऊ म्हणून ढीग लावून ठेवलेल्या हलक्या प्रतीच्या मालालाही भाव आला. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले.

त्या दिवसांत खाणपट्ट्यातल्या तरुणांनी कर्ज काढून ट्रक घेतले. शेती मागे पडली. काही शेते तर खाणीतून वाहून आलेल्या गाळाने भरली. लईराई देवीच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या शिरगावात खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या आणि गावच्या विहिरी आटल्या. पण रोख पैसा हातात खेळत होता, त्यामुळे विहिरीची आठवण काढणारा माणूस विकासाचा शत्रू ठरत होता.

सप्टेंबर २०१२ मध्ये शाह आयोगाचा अहवाल मांडला गेला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की खाणींच्या लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. म्हणजे भरभराटीची ती वर्षे बेकायदा उत्खननाची होती. पुढे नूतनीकरण झालेल्या ८८ लीजही न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द केल्या आणि मार्चपासून उत्खनन पुन्हा थांबले. नव्याने लिलाव होऊन पहिली खाण सुरू व्हायला २०२४ साल उजाडले.

२०१४ च्या त्या निकालात आणखी एक गोष्ट होती, जिची चर्चा कमी झाली. विकलेल्या खनिजाच्या किमतीतील १० टक्के रक्कम एका कायम निधीत ठेवावी, असे न्यायालयाने सांगितले. कोणासाठी? येणाऱ्या पिढ्यांसाठी. जे अजून जन्मलेले नाहीत, ज्यांना मत नाही, वकील नाही, त्यांचाही त्या डोंगरात वाटा आहे, हे यातून मान्य झाले.

ट्रकवाल्याचा प्रश्न

इथे एक माणूस उभा राहून आपल्याला प्रश्न विचारील, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. तो खाणीवरचा ट्रकमालक आहे. ट्रक दारात उभा, बँकेचा हप्ता थकलेला, मुलाची फी भरायची आहे. तो म्हणेल, “शंभर वर्षांनंतरच्या मुलांची काळजी तुम्ही करता, माझ्या आजच्या मुलाचे काय?”

त्याचा प्रश्न खरा आहे. भुकेल्या माणसाला दूरच्या पिढीचे प्रवचन देणे हे पाप नसले तरी निष्ठुरपणा नक्कीच आहे. शिवाय प्रभू येशूच्या तलांतांच्या दृष्टान्तात धन्याचे धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची स्तुती झालेली नाही. म्हणून खनिजाला हातच लावू नये, असे उत्तर पुरेसे नाही.

पण थोडे खोलात पाहू. त्या ट्रकमालकाला संकटात कोणी टाकले? खाणी थांबवणाऱ्या निकालाने, असे वरवर दिसते. पण भरभराटीच्या वर्षांत नफ्याचा मोठा वाटा मूठभर हातांत गेला आणि ट्रकवाल्यांच्या वाट्याला कर्ज आले. त्या वर्षांत योग्य वाटा बाजूला काढला असता, तर खाणी थांबल्या तेव्हा त्याच निधीतून त्याच्या घराला आधार देता आला असता. म्हणजे न जन्मलेल्या पिढीवर जो अन्याय करतो, तो आजच्या गरिबावरही करतो. हे दोघे एकमेकांचे वैरी नाहीत, एकाच वाड्यातले दोन वंचित वारसदार आहेत.

दोन देश

प्रशांत महासागरात नाउरू नावाचे २१ चौरस किलोमीटरचे बेट आहे. तिथे फॉस्फेट सापडले. परकीय सत्तांनी ते आपल्या शेतांच्या खतासाठी नेले, आणि १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर नाउरूने स्वतः विकले. काही काळ ते जगातील अतिश्रीमंत देशांत मोजले गेले. पैसा साठवण्यासाठी निधीही होता; पण तो चुकीच्या गुंतवणुकीत आणि उधळपट्टीत गेला. लंडनच्या एका पडलेल्या संगीत नाटकातसुद्धा तो घातला गेला. आज बेटाचा सुमारे चार पंचमांश भाग खणून ओसाड झालेला आहे. २००१ नंतर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याकडे निघालेल्या निर्वासितांना पैसे घेऊन आपल्या बेटावर डांबून ठेवणे, हे त्या देशाच्या मिळकतीचे एक साधन बनले. बी खाऊन संपले की माणूस काय विकायला तयार होतो, ते यात दिसते.

दुसरा देश नॉर्वे. १९६९ मध्ये त्यांच्या समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला. १९९० मध्ये त्यांनी निधीचा कायदा केला. तेलातून सरकारला मिळणारा पैसा निधीत जातो आणि अंदाजपत्रकासाठी साधारण त्याच्या वाढीइतकाच वापरायचा, असा दंडक आहे. मुद्दल नातवंडांचे. सुमारे ५५ लाख लोकांच्या त्या देशाचा निधी आज एक लाख कोटी डॉलरच्या वर आहे. नॉर्वेचे सारेच निर्दोष आहे असे नाही. त्यांनी विकलेल्या तेलाचा धूर सगळ्या जगाच्या छातीत जातो. पण आपण बी विकतो आहोत, हे त्यांनी स्वतःपासून लपवले नाही.

योसेफाची कोठारे

उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. सात वर्षे सुबत्तेची, सात दुष्काळाची. योसेफाने सुबत्तेच्या वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरला आणि मिसर देश वाचला. आपण इथपर्यंतच ऐकतो आणि पुस्तक मिटतो. पण पुढची पाने वाचा. दुष्काळ लांबला तेव्हा त्याच कोठारातले धान्य लोकांना विकत घ्यावे लागले. आधी पैसे संपले, मग गुरे गेली, मग जमिनी गेल्या आणि शेवटी माणसे फारो राजाचे दास झाली.

म्हणजे साठवणे हे अर्धेच काम आहे. कोठाराची किल्ली कोणाकडे, हा उरलेला अर्धा प्रश्न आहे. ज्या सरकारला जमिनीखालून पैसा मिळतो, त्याला प्रजेच्या कराची फारशी गरज उरत नाही. आणि मग प्रजेला हिशेब देण्याचीही गरज वाटत नाही. नाउरूकडेही निधी होता. तिथे किल्लीवर पहारा नव्हता.

सृष्टीची संपत्ती सर्वांसाठी आहे, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात या ‘सर्वां’मध्ये पुढच्या पिढ्याही येतात, याची ठळक आठवण करून दिली. आपण मालक नाही, विश्वस्त आहोत. विश्वस्ताने ठेव वाढवावी, गरजूला त्यातून द्यावे आणि विचारील त्याला हिशेब दाखवावा.

आपल्या नदीत

कोणी म्हणेल, आपल्याकडे ना तेल, ना लोखंड. पण खडकपूर्णा आहे, आणि तिच्या पात्रातली वाळू आहे. वाळू पावसाचे पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पुरवते. रात्री उपसलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर कोणाच्या तरी विहिरीचे पाणी जाते. बोअरवेलचेही तसेच आहे. पाचशे फुटांवरचे पाणी अनेक वर्षांच्या पावसाची शिल्लक असते. ती एका उन्हाळ्यात उपसली तर ती कमाई म्हणायची की विक्री?

मग आपण काय करावे? बांधकाम काढताना वाळू कुठून आली, हे विचारावे. स्वस्त मिळाली म्हणून गप्प बसू नये. वाळूचा विषय ग्रामसभेत येईल तेव्हा घरी राहू नये. २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले आहे. खाणबाधित भागासाठी असलेला तो पैसा कुठे खर्च होतो, हे विचारण्याचा नागरिक म्हणून आपल्याला अधिकार आहे. आपली घरे थोडी आहेत हे खरे, पण हिशेब विचारायला बहुमत लागत नाही.

आज मिस्सा संपल्यावर घरी गेलात की मुलांना एकदा विहिरीपाशी किंवा बोअरपाशी घेऊन जा. पाणी किती फुटांवर लागते आणि आजोबांच्या वेळी किती फुटांवर लागत होते, ते त्यांना सांगा. घरात कोणाला आठवत नसेल, तर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आपल्या ठेवीचा हिशेब तिथून सुरू करता येईल.