नाते कशाला म्हणावे?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या वाड्यात मांजरे पिढ्यान् पिढ्या होती. पण ती कोणाची, हा प्रश्न कधी कोणी उपस्थित केला नव्हता. कोठीत धान्य होते म्हणून उंदीर होते आणि उंदीर होते म्हणून मांजरे होती. पंक्तीच्या कडेला ती येऊन बसत, दूधभाताचा एखादा घास त्यांच्या वाट्याला येई, आणि उपद्रव फार झाला म्हणजे गड्याकरवी पोत्यात घालून त्यांची रवानगी दूर कोठेतरी केली जाई. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, अशी आमच्या आजीची पक्की समजूत होती. सोडून देण्याला मात्र शास्त्राची आडकाठी नव्हती. माणसाने आपल्या सोयीपुरती पळवाट शास्त्रातही ठेवलेलीच असते.

ही पळवाट 1999 साली आम्हीही वापरली. ज्या प्रश्नाचा विचार आज येथे करावयाचा आहे, तो त्या दिवसापासून आमच्या मागे लागलेला आहे.

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा त्या वेळी अकरा वर्षांचा होता. तो नजरेला नजर देत नसे, हाकेला ओ देत नसे, कोणी जवळ घेतले तर अंग आखडून घेई. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान दाबून माजघरात पळे. मात्र पंचांगातील कोणत्याही तारखेचा वार तो अचूक सांगे. त्या काळी आमच्याकडे ‘स्वमग्नता’ हा शब्द कोणाच्या कानावरून गेलेला नव्हता. अपंगांसाठी केलेल्या 1995 च्या केंद्रीय कायद्यातही ऑटिझमचे नाव नव्हते. मुलाच्या दाखल्यावर ‘मतिमंद’ असा शिक्का पडला आणि आम्ही सरकारी नोकर असल्यामुळे शिक्क्यावर आमचा विश्वास होता.

त्याच्यापाशी एक भाटी मांजर येत असे. पाठीवर करडे पट्टे, एक कान किंचित फाटलेला. दुपारी चार वाजता ती मागच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येई. हा पितळी वाटीत दूध घेऊन दुसऱ्या पायरीवर बसे आणि म्हणे, “मनी आली.” दररोज तेच दोन शब्द, त्याच स्वरात. मग दोघेही एकमेकांकडे न पाहता तासभर बसून राहत. तो तिला क्वचितच हात लावी. तीही त्याच्या मांडीवर चढत नसे. शेपटीचे टोक तेवढे त्याच्या पावलाला टेकलेले असे. वहिनी त्या वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत उभ्या राहत. त्यांना त्यात काय दिसत होते, हे आम्ही कधी विचारले नाही.

घरी येणाऱ्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी एकदा असे मत दिले की, मांजर आहे तोवर हा मुलगा माणसांत यावयाचा नाही. त्याला एकांताची सोबत मिळाली आहे, ती तोडली पाहिजे. बंधू गप्प राहिले. वहिनींनी “राहू द्या हो” एवढेच म्हटले. निर्णय आम्ही घेतला. निर्णय घेण्याची आम्हांला नोकरीने सवय लावलेली होती. एका सकाळी मनीला पोत्यात घालून आम्ही मुरारला भाजीबाजाराच्या मागे सोडून आलो. जीप सरकारी होती, हेही येथे सांगून टाकतो.

मुलगा रडला नाही. त्याने आदळआपटही केली नाही. त्या दिवशी चार वाजता तो वाटी घेऊन दुसऱ्या पायरीवर बसला. दिवेलागणीला दुधावर साय धरली, तेव्हा वहिनींनी वाटी उचलली. दुसऱ्या दिवशी तेच. पावसाळा लागेपर्यंत तेच. “मनी आली” हे शब्द मात्र पुन्हा उच्चारले गेले नाहीत, आणि तेव्हा आमच्या लक्षात आले की आपणहून कोणाला उद्देशून तो जी वाक्ये बोलत असे, त्यांपैकी ते एक होते. आम्ही त्याला भाषा मानले नव्हते. मुरारला आम्ही दोनदा शोध घेऊन आलो. मांजर सापडले नाही.

आता प्रश्नाकडे वळू. त्या दोघांत जे होते त्याला नाते म्हणावे काय? नाते म्हणजे देवघेव, नाते म्हणजे एकमेकांच्या सुखदुःखाची जाणीव, असे आपण शिकत आलो आहोत. ज्याला दुसऱ्याच्या मनाचा थांग लागत नाही असे आपण मानतो, तो मुलगा. आणि ज्याला मन आहे की नाही याचीच आपल्याला शंका, तो प्राणी. या दोघांमध्ये जे घडते ती केवळ सवय, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आमचे स्नेही तसेच म्हणाले होते. आम्ही तसेच मानले होते.

बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या बालमनोवैद्याने 1943 साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हापासून या अवस्थेला वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळाले. ही मुले वस्तूंशी सहज रमतात आणि माणसांपासून दूर राहतात, असे त्याने नोंदविले होते. ‘ऑटिझम’ या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतील ‘स्व’ आहे, आणि आपण मराठीत त्यावरून ‘स्वमग्नता’ हा शब्द घडविला. शब्द देखणा आहे, पण तो निदान करता करता निवाडाही करून टाकतो. जो आपल्याकडे पाहत नाही तो स्वतःकडेच पाहत असला पाहिजे, असे त्यात गृहीत धरलेले आहे. आमचा पुतण्या त्या तासभरात स्वतःत मग्न होता असे आज आम्हांला म्हणवत नाही. मांजरीचा कान हलला की त्याचे बोट हलत असे.

डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले इंग्रज समाजशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी 2012 साली एक साधा पण अडचणीत टाकणारा विचार मांडला. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही असे म्हणतात. मग इतरांना त्याचे मन कळते काय? न कळणे दोन्हीकडून आहे; फक्त बहुसंख्यांच्या न कळण्याला रोगाचे नाव मिळत नाही. सीमाभागात किंवा परप्रांतात पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्यांना हे पटायला जड जाऊ नये. दोन भाषांच्या माणसांचा संवाद तुटला तर दोष नेहमी थोड्यांच्या पदरात टाकला जातो, याचा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही?

मांजराच्या बाबतीत तर ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. आपल्या सभ्यतेत डोळ्याला डोळा भिडविणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण. मांजराच्या सभ्यतेत एकटक पाहणे ही धमकी. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी 2020 साली असे दाखविले की, माणसाने डोळे बारीक करून हळूच मिटले तर मांजरही तसाच प्रतिसाद देते, आणि अशा माणसाजवळ ते अधिक येते. ज्या मुलाला रोखून पाहणे आणि पाहून घेणे दोन्ही असह्य होते, त्याची गाठ अशा प्राण्याशी पडली की जो न पाहण्यालाच शिष्टाचार मानतो. मांजर एकाएकी अंगावर उडी घेत नाही, प्रश्न विचारीत नाही, मोठ्याने हसत नाही, ठरल्या वेळी ठरल्या जागी येते. घरातल्या आम्हां सर्वांपेक्षा तिचे वागणे त्याला अधिक कळण्याजोगे होते.

इंग्लंडातील लेस्टरशायर परगण्यातील आयरिस ग्रेस हिची हकीकत पुष्कळांच्या वाचनात आली असेल. 2009 साली जन्मलेली ही मुलगी बोलत नव्हती, पण सुंदर चित्रे काढी. तिच्या घरी मेन कून जातीचे थुला नावाचे पिल्लू आणले गेले. तिची आई अरॅबेला कार्टर-जॉन्सन यांनी 2016 साली लिहिलेल्या पुस्तकात थुलाने त्या मुलीला किती आधार दिला ते सांगितले आहे. पाण्याची भीती वाटणाऱ्या आयरिसबरोबर ते मांजर स्नानाच्या टबातही उतरे. मांजर पाण्यात उतरते यावर आमच्या सौभाग्यवतींचा विश्वास बसेना. छायाचित्रे पाहिल्यावर बसला.

एका मुलीच्या हकीकतीवरून सिद्धान्त काढू नये, हे खरे. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या ग्रेचेन कार्लाइल यांनी ऑटिस्टिक मुले असलेल्या अकरा कुटुंबांत शांत स्वभावाची, पारखून घेतलेली मांजरे देऊन अठरा आठवडे निरीक्षण केले. मुलांमध्ये सहानुभाव वाढला आणि ताटातुटीची धास्ती कमी झाली, असे त्यांना आढळले. अकरा कुटुंबे म्हणजे फार थोडी. त्यांनी स्वतःही हा प्राथमिक अभ्यास असल्याचेच म्हटले आहे. फ्रान्समधील मरीन ग्रांजॉर्ज आणि सहकाऱ्यांनी 2012 साली नोंदविले की, मूल पाच वर्षांचे झाल्यावर घरात पाळीव प्राणी आला, तर आपल्याजवळचे दुसऱ्याला देऊ करणे आणि दुसऱ्याला दिलासा देणे, या दोन गोष्टींत फरक दिसतो. उलट बाजूही आहे. काही ऑटिस्टिक मुलांना मांजराच्या केसांचा स्पर्श किंवा रात्रीचे ओरडणे मुळीच सोसत नाही. ऑटिझम आहे म्हणून मांजर आणा, असा सल्ला कोणी देईल तर तो आम्हांला काढ्याच्या पुडीसारखा वाटतो.

खरे पाहता या सर्व अभ्यासांत आम्हांला एक गोष्ट खटकते. मांजरामुळे मूल ‘सुधारले’ काय, हे मोजले जाते. म्हणजे मांजर हे औषध, आणि औषधाचा गुण आला नाही तर? आमच्या स्नेह्यांनी आणि आम्ही हाच हिशेब केला होता, फक्त उलट चिन्हाने. मांजरामुळे मुलगा माणसांत येत नाही, सबब मांजर अपायकारक. ते नाते कशासाठी आहे असे विचारले गेले. ते आहे, एवढे पुरेसे कोणालाच वाटले नाही. आपल्या मुलाचे मित्राशी असलेले नाते त्याच्या गणिताच्या गुणांवर काय परिणाम करते, यावर आपण तोलतो काय? तोलणारे आईबाप असतात म्हणा. पण त्यांना आपण शहाणे म्हणत नाही.

कॅथी हूपमन या ऑस्ट्रेलियन लेखिकेने 2006 साली मांजरांच्या छायाचित्रांचे एक पुस्तक काढले. सर्व मांजरांना ॲस्पर्गर सिंड्रोम असतो, असे त्याचे नाव होते. वैद्यकीय वर्गीकरणातून तो शब्द पुढे गळाला आणि 2020 मध्ये पुस्तकाचे नाव बदलले गेले. पुस्तक प्रेमळ आहे. तरीही माणसाला मांजराची उपमा देण्यात एक धोका राहतो. मांजर आपल्या तऱ्हेने वागले तर आपण कौतुकाने हसतो आणि तोच मोकळेपणा माणसाला देताना कचरतो. पुतण्या मांजरासारखा होता असे आम्ही म्हणत नाही. त्याला मांजरासारखे वागू दिले गेले असते तर बरे झाले असते, इतकेच.

दाक्षिणात्य वैष्णवांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असा जुना वाद आहे. वानराचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहते. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. भक्ताने देवाला धरावयाचे की देवाने भक्ताला, यावरून वडकलै आणि तेनकलै हे पंथ वेगळे झाले. त्या जिन्यावर आम्हांला यांपैकी एकही न्याय दिसत नव्हता. कोणी कोणाला धरलेले नव्हते. एक पायरीचे अंतर ठेवून दोघे बसत, इतकेच.

सवयीच्या आक्षेपाचे उत्तर आम्हांला फार उशिरा मिळाले, आणि तेही पुतण्यानेच दिले. 2003 च्या हिवाळ्यात जिन्याखाली एक पिल्लू आले. महिनाभराने तो पुन्हा वाटी घेऊन बसू लागला. वहिनींना आनंद झाला, त्या म्हणाल्या, “मनी आली का रे?” तो म्हणाला, “मनी नाही. दुसरी.” त्या मांजरीला तो तेरा वर्षे ‘दुसरी’च म्हणत राहिला. आज आहे ती ‘तिसरी’. पायरी तीच, वेळ तीच, वाटी तीच. सवयच असती तर नावही तेच चालले असते. एकाच्या जागी दुसरे चालत नाही, यापेक्षा प्रेमाची निराळी खूण आम्हांला ठाऊक नाही. ज्याला हे कळत नाही असे आम्ही ठरविले होते, त्याने इतक्या वर्षांत त्यात चूक केली नाही; आम्ही मात्र त्याला मुरारहून तसेच दुसरे मांजर आणून द्यावे, असा विचार तेव्हा केला होता.

1999 च्या डिसेंबरात, म्हणजे मनीला सोडून आलो त्याच वर्षी, संसदेने ऑटिझम आदी अवस्थांतील व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला. बंधू 2015 साली गेले, वहिनी 2021 साली. त्यानंतर त्या कायद्यान्वये पुतण्याचे पालकत्व आमच्याकडे यावे, म्हणून आम्ही स्थानिक समितीकडे अर्ज केला. आमचे वय साठीच्या पलीकडे आहे; आमच्यानंतर कोण, हा विचार टाळता येत नाही. आमची कन्या पुण्यास सदनिकेत राहते. ती त्याला नेण्यास तयार आहे. पण मांजर घराचे असते असे म्हणतात; तिसऱ्या मजल्यावर जिन्याची तिसरी पायरी कोठून आणावयाची?

अर्जात मांजरासाठी रकाना नव्हता. आम्ही वेगळ्या कागदावर सर्व लिहून काढले : वेळ, पायरी, हात न लावणे, वाटी पितळी आणि काठाला पोचा आलेली. दूध दोनच चमचे, कारण मोठ्या मांजराला ते नीट पचत नाही असे पशुवैद्यांनी सांगितले आहे, आणि दुधाऐवजी दुसरे काही पुतण्याला चालत नाही. कागद कन्येला वाचून दाखविला. तिने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “बाबा, दूध कोमट की गार?” ते आम्हांला ठाऊक नव्हते. उद्या चार वाजता पाहून सांगतो, असे तिला म्हटले आहे.