परसातला पेरू आणि माळकऱ्याची दया

आषाढीची वारी करून घरी परतलेल्या एका माळकरी गृहस्थांनी आम्हांस विचारले, "महाराज, परसात पेरूचे झाड आहे. फळ पिवळे पडले की आत अळ्या! गळ्यात तुळशीची माळ. औषध मारावे तर जीवहत्या, न मारावे तर एक फळ देवापुढे ठेवायला मिळत नाही. काय करावं?"

प्रश्न लहान दिसतो, पण तो आमच्याही घरचा आहे. "तोही जीवच, खाऊ द्या बापडा," असे म्हणून आम्ही पुष्कळ वर्षे आमच्या झाडाकडे पाहिलेच नाही. सडकी फळे खाली तशीच पडून राहत. पुढे शेजारच्या आजींच्या झाडाचे एकही फळ धड राहीना. त्यांनी बोलून दाखवले तेव्हा आमचे डोळे उघडले. अहो, ती दया नव्हतीच. तो आळस होता. त्याच्या गळ्यात आम्ही दयेची माळ घातली होती, इतकेच.

या किडीची रीत पाहा. फळमाशी पिकू लागलेल्या फळाच्या सालीला छिद्र पाडून आत अंडी घालते. थोड्याच दिवसांत अळ्या निघून गर खातात व फळ गळते. मग अळी मातीत शिरून कोष करते, आणि त्यातून पुन्हा माशी उडते. आज उचलायचे राहिलेले फळ असे दहा घरांना भोवते.

बरे, औषध मारावे, तर अळी असते गराच्या आत. वरचा फवारा तिच्यापर्यंत धड पोचत नाही. मरतात त्या मधमाश्या आणि इतर निरपराध जीव. विषाला आपले-परके कळत नाही. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर आकाशातून एंडोसल्फान फवारले जाई. त्याचे भोग माणसांच्या वाट्याला आले, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर देशभर बंदी घातली.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. फळ हिरवे, टणक, लिंबाएवढे असतानाच त्याला जुन्या धोतराच्या फडक्याची पिशवी बांधावी. माशीला अंडी घालायला जागाच मिळाली नाही, तर मारण्याचा प्रसंग उरत नाही. गळलेले फळ उकिरड्यावर न टाकता रोजच्या रोज दीड-दोन फूट खोल पुरावे.

कोणी म्हणेल, "पुरलेल्या फळातल्या अळ्या मरतात, त्याचं काय?" मरतात. येथे आम्ही शब्दांचा खेळ करणार नाही. नांगराखाली, जात्याखाली, चुलीतही जीव जातोच. देहधाऱ्याला पूर्ण अहिंसा साधत नाही. म्हणून हिशेबच सोडून द्यावा असे मात्र नव्हे. हिंसेचे प्रसंग आधीच टाळावेत, जे हातून घडले ते देवापासून लपवू नये, आणि "नैवेद्यासाठी केलं" ही सबब तर सांगूच नये. पांडुरंगाला तुळशीचे पान पुरते. पेरू आपल्याला हवा असतो!

अरणच्या सावता महाराजांना मळ्यातच देव भेटला. आपल्यालाही परसात रोज सकाळी नाम घेत एक फेरी घालणे कठीण नाही. झाडाकडे पाहावे, खाली पडलेले वेचावे. राघूने टोचलेले फळ दिसले तर तो त्याचा वाटा समजावा.

राम कृष्ण हरि.