कृष्णामाईचं वकीलपत्र

जुन्या गाण्याचा अपमान झाला की तो नेमका कुणाचा होतो, या प्रश्नाचा मी कधी विचार केला नव्हता. अपमान माझाच होतो, असं धरून चालत आलो होतो. एखाद्या जुन्या गाण्याला कुणी नवे ढोल बांधले, की मी रेडिओ असा बंद करतो, जणू तो माझ्या आजोबांबद्दलच वाईटसाईट बोलला.

परवाच्या श्रावणात मात्र हा प्रश्न पसरणीच्या घाटात अंगावर आला. गाडी भाचा चालवत होता, शेजारी मी, मागे ताई. भर पावसात महाबळेश्वरला जाणं हा काही शहाण्या माणसाचा उद्योग नव्हे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथं, आणि त्यातला निम्मा त्या दिवशी आमच्याच टपावर पडत होता. पण सांगलीहून आलेल्या ताईला क्षेत्र महाबळेश्वरचं दर्शन घ्यायचं होतं, आणि ताईपुढे पावसाचंही काही चालत नाही.

घाट सुरू झाल्यावर भाच्यानं एक गाणं लावलं. 'घोस्ट रायडर्स इन द स्काय'. 1948 साली स्टॅन जोन्सनं लिहिलेलं, आम्ही ऐकत होतो ते जॉनी कॅशच्या आवाजात. याला कंट्री म्हणतात. म्हणजे भावगीत आणि लोकगीत यांच्या मधलं काहीतरी. गुरं, घोडे, आगगाडी, तुरुंग, सोडून गेलेली बायको आणि एक गिटार. मला आवडलं. "छान आहे रे. सकाळी घोड्यावरून रपेट मारल्यासारखं वाटतं," मी म्हणालो.

"आता हेच ऐक. फिनलंडचे आहेत, चिल्ड्रन ऑफ बोडम. हेवी मेटल."

हेवी मेटल म्हणजे जड धातू, एवढं शाळकरी भाषांतर मला जमतं. पण ते इतकं तंतोतंत असेल याची कल्पना नव्हती. 1967 च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आजीची भांड्यांची मांडणी कोसळली होती. तो आवाज फार तर अर्धा मिनिट टिकला. हा संपेचना, आणि शिवाय त्याला ताल होता.

"चांगल्या गाण्याचं वाटोळं केलं!" मी म्हणालो.

"मामा, गाणं भुताचं आहे," भाचा शांतपणे म्हणाला. "लाल डोळ्यांची गुरं आभाळातून धावतायत, मागे मेलेले गुराखी. ते खालच्या जिवंत गुराख्याला बजावतायत की सुधार, नाहीतर तुझीही हीच गत. तुला ती रपेट वाटली."

मी काचेवरचं बाष्प पुसू लागलो. वर त्यानं हेही ऐकवलं, की हाच कॅश 2002 साली नाइन इंच नेल्स या कर्कश मंडळींचं 'हर्ट' गायला, थकलेल्या म्हाताऱ्या आवाजात, आणि पुढल्याच वर्षी गेला. त्या गाण्यातलं दुःख कित्येकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं म्हणे. म्हणजे ही उसनवारी दोन्ही आळ्यांत चालते.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात आम्ही भिजतच शिरलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. पाचही जणींचं पाणी तिथं एका गोमुखातून कुंडात पडतं. ताईनं त्या धारेखाली हात धरला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"एवढीशी असते ही इथं," ती म्हणाली.

हीच पुढे माहुलीला वेण्णेला घेते, कऱ्हाडला कोयनेला घेते आणि सांगलीला येते. ऑगस्ट 2019 मध्ये आली ती ताईच्या खालच्या मजल्याचं छत गाठूनच थांबली. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 च्या वर गेलं होतं. मायलेकांनी गॅस, कागदपत्रं, डाळ-तांदूळ वर नेले. दाजींची पेटी खाली राहिली. दाजी त्याआधीच गेले होते. पाणी उतरलं तेव्हा पेटीचा भाता फुगून फाटला होता आणि पट्ट्या चिखलात रुतल्या होत्या. दाजी तिच्यावर शेकडो गाणी वाजवत, पण डोळे मिटून वाजवत ते एकच: 'संथ वाहते कृष्णामाई'. त्यानंतर ताईच्या घरात ते गाणं कुणी लावलं नाही. लावायचं नाही असं कुणी म्हटलंही नाही.

आणि परतीच्या वाटेवर, देवळापासून गाडी जेमतेम हलली असेल, भाचा म्हणाला, "आई, हे आमच्या बँडनं केलंय."

पुन्हा मांडणी कोसळली. त्या खणखणाटातून एक घोगरा पोरगा काहीतरी ओरडत होता. ते शब्द ओळखीचे आहेत हे कळायला मला अर्धं कडवं लागलं.

"बंद कर ते!" मी ओरडलो. "गदिमांचे शब्द, डावजेकरांची चाल, बाबूजींचा आवाज! लाज नाही वाटत?"

"तक्रार कुणाची आहे, मामा?"

आता आली का पंचाईत! गदिमा 1977 साली गेले, बाबूजी 2002 साली. दोघांपैकी कुणीही मला वकीलपत्र दिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी भांडत होतो दाजींच्या वतीनं. आणि तिथं मेहुण्यापेक्षा मुलाचा हक्क मोठा, हे कुठलंही कोर्ट सांगेल.

"त्या गाण्यातल्या नदीला काठावरच्या माणसांचं काही पडलेलं नाही," भाचा म्हणाला. "तुम्हाला सगळ्यांना ते गोड कसं वाटतं?"

पन्नास वर्षं मी हे गाणं मान डोलवत ऐकतोय. मला ती नदीची स्तुती वाटत आली. अजूनही माझं म्हणणं आहे, की बाबूजींच्या त्या शांत सुरातच खरी भीती आहे, आणि ऐकणारा पेंगत असेल तर त्यात गाणाऱ्याचा काय दोष! पण पेंगणाऱ्याच्या कानाशी कुणीतरी परात वाजवली, हेही मला नाकारता येईना. जिच्या घरात पाणी शिरलं, तिला मी अजून विचारलंच नव्हतं.

आरशात ताई दिसत होती. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही.

"दुसऱ्या कडव्यात श्वास मधेच तोडलास," ती म्हणाली.

"तोडला का?"

"तुझे बाबाही तिथंच तोडायचे. पुन्हा लाव."

भाच्यानं पुन्हा लावलं. मी माझ्या बाजूची काच दोन बोटं खाली केली. पाऊस आत आला, पण थोडा आवाज बाहेर गेला.