कबर कोणासाठी उघडावी?

वारकरी भक्तहो, मागल्या एकादशीस कीर्तन आटोपल्यावर एका तरुणाने आम्हांस विचारले, "महाराज, शेकडो वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची कबर उकरून, तो कशाने मेला हे तपासणे पाप की पुण्य?" प्रश्न खरा आहे. उत्तरासाठी मात्र थोडे दूर, युरोपातल्या प्राग शहरी जावे लागेल.

तेथे टायको ब्राहे नावाचा थोर ज्योतिर्विद होता. दुर्बिणीवाचून, नुसत्या डोळ्यांनी त्याने ग्रहताऱ्यांची मोजमापे केली. १६०१ साली एका मेजवानीत, यजमानाचा मान राखावा म्हणून, लघवीची घाई असताही तो पानावरून उठला नाही. घरी येऊन अंथरूण धरले ते अकरा दिवसांनी गेलाच. पुढे १९०१ मध्ये त्रिशताब्दीच्या निमित्ताने कबर उघडली आणि दाढीचे काही केस बाहेर ठेवून घेतले. त्या केसांत नंतर पारा सापडला. झाले! पारा म्हणजे विष, आणि विष म्हटले की घालणारा हवाच. २००४ च्या एका पुस्तकाने केप्लरकडे बोट दाखविले. केप्लर हा टायकोचा सहकारी. टायको गेल्यावर वारसांना न पुसता त्याच्या नोंदी आपण ताब्यात घेतल्या, हे केप्लरने स्वतःच लिहून ठेवले आहे. पण वह्या उचलणारा विषही घालील, हा कुठला न्याय हो? बिचारा १६३० मध्ये वारला. त्याची कबरही युद्धात नाहीशी झाली. निंदेला उत्तर द्यायला त्याचे हाडूकसुद्धा जागेवर नाही!

नोव्हेंबर २०१० मध्ये परवानगी घेऊन टायकोची कबर पुन्हा उघडली. तपासणीपुरते नमुने घेतले आणि देह थोड्याच दिवसांत त्याच देवळात परत ठेवला. २०१२ साली निकाल आला: पारा जीव जाण्याइतका नव्हताच. केप्लर सुटला.

आता पाहा, कबर तीच, उघडली दोनदा. पहिल्या वेळी समारंभ होता, आणि त्यातून नेलेल्या केसांनी एका निरपराध्याला खुनी ठरविले. दुसऱ्या वेळी कुतूहल नव्हते असे आम्ही म्हणत नाही. पण मेलेल्याच्या माथ्यावरचा कलंक त्यामुळे उतरला. मृताची निंदा हीही चोरीच. जिवंत माणूस निदान भांडतो तरी. तेवढ्यासाठी माती हलवावी लागली, तर आम्ही तीस पाप म्हणणार नाही. नुसत्या हौसेला मात्र आमचा होकार नाही.

"पण समाधी उघडणेच मुळी आपल्यात बसत नाही," असे कोणी म्हणेल. अहो, मग नाथमहाराजांचे काय? अजानवृक्षाची मुळी माउलींच्या कंठास लागली, तसा दृष्टांत झाला, म्हणून नाथ आळंदीस आले आणि समाधीत उतरले, ही कथा आपण दरवर्षी ऐकतो. मुळी काढली, दर्शन घेतले आणि बाहेर आले. बरोबर काही आणले नाही. मग ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावयास बसले. ते काम शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पुरे झाले.